बिलाला इस्त्री

आमचे जावई बिलाला इस्त्री करतात. शर्टाला करत नाहीत. शर्ट गादीखाली ठेवून जेवढा सरळ होईल तेवढाच. पण घरात बिल आलं, मग ते किराण्याचं असो, गॅसचं असो, नाहीतर न्हाव्याच्या मागे लागून आणलेलं असो, ते आधी तळहाताने चपटं करायचं. मग टेबलावर चादर, चादरीवर बिल, बिलावर रुमाल आणि वरून इस्त्री. हे मी ऐकीव सांगत नाही. दिवाळीचा फराळ घेऊन मी निगडीला त्यांच्या दारात उभा होतो. दार उघडून म्हणाले, "या मामा. बसा. एवढं गॅसचं होऊ दे." आणि सासऱ्याला बसायला सांगून हे परत टेबलाकडे गेले.

प्रमोद त्यांचं नाव. चाकणच्या पट्ट्यात, महाळुंग्याला, एका कंपनीच्या फाटकावर कारकून आहेत. मालाचा ट्रक येतो, ड्रायव्हर कागद पुढे करतो, जावई कागद आणि माल ताडून बघतात, मगच फाटक उघडतं. एका कागदावर शिक्का नसला तर ट्रक रस्त्यावरच. मागे रांग लागते, ड्रायव्हर शिव्या घालतात, आतून साहेबाचा फोन येतो की काम थांबलंय, सोडा. जावई एकच वाक्य बोलतात, "कागद नाही तर गाडी आत नाही." तेच वाक्य घरी आणतात. मंडईत, लग्नात, मयतीला, जातील तिथं त्यांचं फाटक त्यांच्याबरोबर असतं.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. भोसरीला ढलाईच्या कारखान्यात तापलेलं लोखंड ओतण्यात जन्म गेला. दापोडीला रुळाच्या बाजूच्या गल्लीत दोन खोल्या आहेत, त्या माझ्या घामाच्या. पेन्शन म्हणाल तर सांगण्यासारखी नाही, पण कुणापुढे हात पसरला नाही. मला एकच लेक, सुमन. तिला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तीही चाकणलाच एका कंपनीत आहे, तयार झालेला माल पास करायचा की परत पाठवायचा ते ती ठरवते. तिचा पगार जावयांपेक्षा जास्त आहे. ही गोष्ट दुसऱ्या घरात झाकून ठेवली असती. आमचे जावई चारचौघांत स्वतः सांगतात, वर आकडाही सांगतात.

खोटं म्हणून त्यांच्या तोंडून येत नाही. सुमनला बघायला आले तेव्हा बरोबर फक्त एक चुलते होते. आई लहानपणी गेलेली, वडील नोकरी लागायच्या आधी. चुलते पोहे खात होते, बोलत नव्हते. मी विचारलं, "मंग, काय ठरलं?" तर मुलगा म्हणाला, "पोह्यात मीठ जास्त झालंय. मुलगी पसंत आहे." आमच्या मंडळीने आतून तोंडाला पदर लावला. मला कळेना, राग धरायचा की पेढा आणायचा.

लग्नात त्यांनी बँडवाल्याकडे पावती मागितली. मांडववाल्याकडे मागितली. शेवटी दक्षिणा देताना भटजींकडे मागितली. भटजी मुरलेले होते. म्हणाले, "ही वर गेल्यावर मिळते." हे म्हणाले, "मग तिथे कुणाकडे मागायची, तेवढं सांगून ठेवा."

माझ्या थोरल्या भावाच्या दहाव्याला घाटावर कुणीतरी उसासा टाकला, "माणूस निर्व्यसनी होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे हळूच म्हणाले, "तंबाखू होती." खोटं नव्हतं. पण राव, कावळा शिवायचा खोळंबला होता, तेव्हा बोलायची गरज होती का? भावजयीने तंबाखूची चिमूट पिंडापाशी ठेवली आणि कावळा आला. तेव्हापासून ती यांना मानते. मला अजून कळलेलं नाही, हा माणूस शहाणा की खुळा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. माझ्या बापाने पाळली, मी पाळतो. नातवंड झालं की रीत सुटते. सुमनला मूल नाही. पहिली काही वर्षं आम्ही विचारायचो, मग तिचा चेहरा बघून विचारणं सोडलं. पण रीत राहिली. निगडीला जाताना मी पाण्याची बाटली दापोडीहून भरून नेतो. सुमनला ते लागतं, बोलत नाही. जावई मात्र दरवेळी बाटली उचलून बघतात आणि म्हणतात, "मामा, दापोडीचं आणि निगडीचं पाणी एकाच धरणातून येतं. मी चौकशी केली." मी म्हणतो, "धरन एक असंल. नळ येगळा हाय."

तर असं चाललेलं असताना आमच्या मंडळीची नजर गेली.

एकदम नाही गेली. आधी सुईत दोरा ओवता येईना. ती गल्लीतल्या बायकांना गोधड्या शिवून देते, त्यामुळे सुई म्हणजे तिचं सहावं बोट. ती म्हणाली, "हल्ली सुयांना भोकं बारीक पाडत्यात." मीही तेच समजलो. कंपन्या हल्ली सगळंच बारीक करतात. मग तांदळातले खडे दिसेनात. मग एक दिवस दारात जावई उभे असताना तिने मलाच विचारलं, "आवं, कोन आलंय बघा." जावई चप्पल न काढता तिथेच उभे राहिले.

तिला शुगर आहे जुनी. ती डोळ्याच्या पडद्यात उतरली होती. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शन द्यावी लागतील, दर महिन्याला, किती ते पडद्याची सूज सांगेल. चुकवली तर नजर जाईल. आणि गेलेली नजर परत येत नाही. सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथे नंबर लांबचा. रेशनकार्डावरच्या योजनेत विचारलं, तिथल्या पोरीने आधी हो सांगितलं, मग नाही सांगितलं, मग उद्या या म्हणाली. विमा आम्ही कधी काढला नाही. मेल्यावर किंवा पडल्यावर मिळणाऱ्या पैशाची वाट कोण बघणार.

पहिल्या इंजेक्शनचे पैसे मी दिले. घरात होतं नव्हतं ते काढलं. इंजेक्शन दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात मिळायचं. त्याच्या खिडकीवर रोख पैसे मोजून ठेवले आणि तिथल्या माणसाकडे असं बघितलं की त्याने परत मोजले नाहीत. सुमनने कार्ड पुढे केलं होतं. मी तिचा हात बाजूला सारला. "लेकीच्या पैशानं आयशीचा डोळा बरा करनारा मी न्हाई," म्हणलं. लोक बघायला लागले. जावई मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मामा, बिल घ्या."

दुसऱ्या महिन्याला मंडळी म्हणाली, "आता लई साफ दिसतंय. इंजेक्शन नको." मी मान हलवली. त्याच संध्याकाळी तिने चहात मीठ घातलं. मी तो चहा प्यायलो. न बोलता प्यायलो, कारण बोललो असतो तर पुढचं बोलावं लागलं असतं, आणि पुढचं बोलायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

रविवारी जावई एकटेच आले. जेवायला बसले, पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "मामी, आमटीत मीठ नाही." मंडळी म्हणाली, "घातलंय की." ते म्हणाले, "मग ते दुसरीकडे गेलंय." मी ताटाकडे बघत राहिलो. मग त्यांनी तीन वाट्या ओढल्या आणि मला कर शिकवायला लागले.

"मामा, ही सुमनची कमाई," आमटीची वाटी. "ह्यातून सरकार एवढं घेतं." चमचाभर आमटी ताकाच्या वाटीत. ताक पिवळं झालं.

"हां," मी म्हणलं.

"आता कर द्यायच्या दोन रिती आहेत. एक जुनी, एक नवी. नव्या रितीत कर कमी आहे, पण त्यात आईबाप नाहीत."

"मेले का?"

"मेले नाहीत. धरत नाहीत."

"आन जुन्यात?"

"जुन्यात आहेत. आईबापाच्या दवापाण्याला मुलीने पैसे दिले तर सरकार तेवढ्यावर कर घेत नाही. आईबाप साठीच्या पुढचे हवेत, त्यांचा विमा नसावा. तुमचं दोन्ही बसतंय."

मला बरं वाटलं. विमा न काढून मी पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केलं होतं. "मंग मी दिले त्ये पैसे दाखवा की."

"तुम्ही कर भरत नाही, मामा. तुमचं दाखवून काही मिळत नाही. सुमनने दिले पाहिजेत. आणि रोख चालत नाही."

"रोख का चालत न्हाई? रोख म्हंजी खरा पैसा. कारडातला पैसा कुनी बघितलाय?"

"रोखीला माग नसतो. नुसती तपासणी असेल तर रोख चालते. औषध, इंजेक्शन रोखीत नाही."

हे मी त्यांना परत सांगायला लावलं. दुखणं बघायला रोख चालतं, दुखणं बरं करायला चालत नाही. कमी कर पाहिजे तर आईबाप सोडा, आईबाप पाहिजेत तर जास्त कर भरा आणि मग थोडा मागा. मी कारखान्यात साच्यात लोखंड ओतायचो, तिथे एका बाजूने ओतलं की दुसऱ्या बाजूला वस्तू निघायची. इथे ओततोय कोण आणि निघतंय काय, काही कळेना. मी म्हणलं, "जावईबापू, सरकारनं घ्यायचं, मंग परत द्यायचं. मंग आधीच कमी का घेत न्हाई?"

"मग कागद कसा होणार?" ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

मला एक सुचलं. "मंग तुमच्याच कागदात घाला की आमाला. लेकीचं नगं."

जावयांनी चमचा खाली ठेवला. "माझ्यात तुम्ही बसत नाही, मामा. सासूसासरे धरत नाहीत. मी विचारलं होतं." मग वाटीतलं पिवळं ताक ढवळत म्हणाले, "दोन ठिकाणी विचारलं होतं."

मी खरा मुद्दा काढला. "त्ये काय असंल त्ये असंल. पैसा सुमनचाच ना? मला लेकीचा पैसा नगं. सांगा मला, सरकार परत देतं त्ये किती देतं? आर्धं? पावशेर?"

"नाही मामा, त्याचं असं असतं, जेवढा खर्च त्याच्या..." ते बोलायला लागले. तेवढ्यात आतून मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंबऱ्याला पायाने चाचपलं, मग भिंतीला हाताने चाचपलं, आणि तांब्या ताटाशेजारी ठेवायचा तो नीट आमटीच्या वाटीत ठेवला. सुमनची कमाई ताटभर पसरली.

जावयांनी ती फडक्याने टिपून घेतली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सगळं," म्हणाले.

"काय सगळं?"

"सगळं परत येतं. सुमनने भरायचं, वर्ष सरलं की सरकार सगळं परत देतं. म्हणजे तो पैसा सुमनचा नाही. सरकारचा आहे. ती फक्त मधे."

आता सरकारचा पैसा घ्यायला मला हरकत नव्हती. जन्मभर मी सरकारला दिलंय. मीठ घेतलं त्यावर दिलंय, काडेपेटी घेतली त्यावर दिलंय. आणि बोलणारा माणूस कोण, तर ज्याने मयतीत तंबाखू कबूल केली तो. मी म्हणलं, "सरकारचा असंल तर चालंल."

त्यानंतर दर महिन्याला आम्ही चौघं दवाखान्यात जायचो. खालच्या दुकानात सुमन कार्ड लावायची, मी तोंड दुसरीकडे करायचो. जावई खिडकीत हात घालून बिल घ्यायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "मामा, हे तुमच्याकडे. नीट ठेवा. कागद नाही तर?"

"गाडी आत न्हाई," मी म्हणायचो.

मला त्यात मान वाटायला लागला. मंडळीचा डोळा एकीकडे, पण सरकारचा कागद माझ्या खिशात. कट्ट्यावर सांगायचो, सरकार आमच्या घरच्या इंजेक्शनचे पैसे भरतंय. कुणी म्हणालं, "काका, एवढं देत नसतात." मी म्हणलं, "तुमचा जावई बिलाला इस्त्री करतो का?"

थंडी सरता सरता सुमनच्या कंपनीने करासाठी कागद मागितले. जावयांचा फोन आला, "मामा, रविवारी येतो. बिलं काढून ठेवा."

काढली. खिशात, उशीच्या अभ्र्यात, गव्हाच्या डब्यात, जिथे जिथे जपली होती तिथून काढली, तर सगळ्यांचा चुरगळा. एकाला तंबाखूचा वास. म्हणलं, हा माणूस गॅसच्या बिलाला इस्त्री करतो, आणि आपण त्याच्या हातात असला बोळा द्यायचा? म्हणेल काही नाही. कोपरे सरळ करत बसेल. ते मला बघवलं नसतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला इस्त्रीवाला आहे, उत्तरेकडचा. कोळशाची जड इस्त्री. मी बिलांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "काका, ये कपडा नहीं है."

"म्हाईत हाय. मार इस्त्री. वर रुमाल टाक."

"कागज है, काका. जल जायेगा."

"माझा जावई रोज मारतो. जळत न्हाई. तू मार."

तो बिचारा हलक्या हाताने फिरवायला लागला. मी शेजारी उभा राहून सांगत होतो, "दाब. कोपरा दाब." एक झालं की दुसरं रुमालाखाली. सगळी झाली तेव्हा त्याने गठ्ठा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. बिलं सरळ झाली होती, पापडासारखी. आणि काळी झाली होती. जळून नव्हे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी काळी, तव्याच्या पाठीसारखी. एक अक्षर दिसत नव्हतं.

"काका, ये तो काला हो गया," तो म्हणाला. पैसे घेईना. मी घ्यायला लावले. काम झालं होतं.

रविवारी जावई आले. मी गठ्ठा पुढे ठेवला. म्हणलं, "सरळ हायत. बघून घ्या."

त्यांनी एक बिल उचललं. उजेडाकडे धरलं. उलटं केलं, परत सुलटं केलं. दुसरं उचललं. मी वाट बघत होतो. ट्रक ड्रायव्हरला रस्त्यावर उभा करणारा माणूस, आता माझं काय करतो बघू.

"मामा," ते म्हणाले, "कोळशाची होती का?"

"व्हय."

"हे चकचकीत कागद असतात ना, ते उष्णतेवरच छापतात. ह्यांना इस्त्री चालत नाही. मी फक्त साध्या कागदाला करतो." मग म्हणाले, "चूक माझी. मी सांगायला पाहिजे होतं."

"आता?"

"बघतो. दुसरी प्रत मिळते का बघतो."

काळी बिलं त्यांनी एकावर एक नीट लावली, बॅगेत घातली आणि गेले. जेवायला थांबले नाहीत. दोन-तीन दिवसांनी मंडळी सुमनशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "दवाखान्याखालचं औषधाचं दुकान इकलं म्हनं. नव्या मालकाकडं जुनं काय बी न्हाई. जावईबापू तिथं सुट्टी टाकून बसले व्हते."

"बँकेत असंल की लिवलेलं," मी म्हणलं.

"त्ये बी ईचारलं मी. जावईबापू म्हनले, बँक पैसे गेल्याचं सांगती, कशापायी गेले त्ये सांगत न्हाई. बिलाबिगर मी सुमनला कराच्या कागदावर सही करू देनार न्हाई. सुमन भांडली त्यांच्याशी."

कर मला कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण इंजेक्शनं थांबली नाहीत. पुढच्या महिन्याला सुमनने कार्ड लावलं, त्याच्या पुढच्या महिन्यालाही लावलं. नवीन बिलं आता जावई स्वतःकडे ठेवतात, वहीच्या दोन पानांत, माझ्या हातात देत नाहीत. मीही मागितली नाहीत.

पावसाळा निम्मा झाला असेल. एका संध्याकाळी जावई आणि सुमन दापोडीला आले. जावयांच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पेढ्यांचं बिल. पुडा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आलं, मामा."

"काय आलं?"

"सरकारकडून. मागच्या वर्षीचं. सगळं."

सुमन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. जावयांनी चष्मा काढला आणि पुसला.

मी पेढा हातात धरून बसलो. सगळं आलं. कशावर आलं? बिलं तर तव्यासारखी काळी. दुकान विकलेलं. सुमन भांडली तरी जावयांनी सही करू दिली नाही. दोन रिती, त्यातली आईबाप असलेली आणि नसलेली, रोखीची तपासणी आणि बिनरोखीचं इंजेक्शन, हे सगळं माझ्या डोक्यात अजून पिवळ्या ताकासारखं ढवळलेलंच आहे. पण फाटक मला कळतं. कागद नाही तर गाडी आत नाही. मग ही गाडी आत आली कशी?

मी जावयांकडे बघितलं. ते पेढ्याच्या बिलाची घडी उलगडत होते आणि परत तीच घडी घालत होते. कान लाल झाले होते. पोह्याच्या मिठापासून दक्षिणेच्या पावतीपर्यंत सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं. या माणसाने जन्मात एकच गाडी कागदाशिवाय आत सोडली होती, आणि ती आमच्या घराची होती.

म्हणजे मी लेकीचं घेतलं होतं. तेही दुसऱ्याच महिन्यापासून. बापाची रीत तेव्हाच मोडली होती, मला फक्त आज कळत होतं. राग यायला पाहिजे होता. मी रागाची वाट बघितली. आला नाही. मंडळी पलीकडे तांदूळ निवडत होती. खडा दिसला की उचलून बाजूला टाकत होती.

पेढा खाल्ला. म्हणलं, "सरकार चांगलं हाय तुमचं."

"हो," जावई म्हणाले.

"त्येला सांगा, आमी इसरनार न्हाई."

"सांगतो."

"आन रविवारी आमी निगडीला येतोय. जेवायला. बाटली न्हाई आनत."

सुमन कॅलेंडरावरून नजर काढेना. जावई काहीतरी बोलायला गेले, तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगून टाकणार. सवय आहे त्यांना. म्हणेल, मामा, सगळं नाही आलं, काहीच नाही आलं. आणि मग मला परत बाटली भरावी लागेल.

तेवढ्यात मंडळी म्हणाली, "जावईबापू, छातीवरचं बटन लोंबतंय."

आम्ही तिघांनी बघितलं. एका धाग्यावर होतं. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

"असू दे, मामी. कधीचं आहे ते."

"हिकडं या."

ती डबा घेऊन उठली. सुई काढली, दोरा काढला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुमन हात पुढे करून म्हणाली, "आण, मी ओवते." मंडळीने ऐकलं नाही. सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा दोरा सुईच्या बाजूने गेला. आम्ही कुणी हललो नाही. बाहेरून लोकल गेली, ताटंवाट्या हलल्या, ती थांबली. गाडी गेल्यावर दोरा आत गेला.

"अंगातल्या कापडाला सुई लावायची म्हंजी तोंडात काहीतरी धरावं," ती म्हणाली. "काडी धरा, दोरा धरा. न्हाईतर बरं नसतं. तुमच्या आईनं सांगितलं न्हाई का कधी?"

"नाही," जावई म्हणाले.

त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. त्यांनी पेढ्यांचं बिल दातांत धरलं आणि छाती पुढे करून उभे राहिले, फाटकावर शिपाई उभा राहतो तसे. मंडळी बटण लावत होती. चार टाके पुरे होते. तिने पुष्कळ घातले. बिलाचा कोपरा ओला होऊन मऊ पडला, मधली घडी चुरगळली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्या सुईकडे बघत होते.